बदामीला कोण शिकवणार

३ ऑक्टोबर

धाकटीस,

पत्राचा मायना काय असावा यावर मी बराच विचार केला. 'प्रिय' लिहिले असते तर तुला ते ढोंग वाटले असते, 'चिरंजीव' लिहिले असते तर उपदेश. म्हणून केवळ नाते लिहिले आहे. ते तरी दोघींपैकी कोणाला नाकारता येणार नाही.

वस्तुस्थिती क्रमाने मांडते. त्यातले काही तुला ठाऊक असेल; तरीही लिहिते, कारण आपल्या दोघींच्या माहितीचा मेळ बसतो की नाही हे तपासलेले बरे.

पहिली गोष्ट, बाबांना जाऊन आता बरेच महिने झाले. दुसरी, त्यांच्या तबेल्यात जन्मलेली शेवटची घोडी, बदामी, चार वर्षांची झाली आहे आणि तिच्या पाठीवर अजून माणूस बसलेला नाही. तिसरी, शेवटच्या दुखण्यात बाबांनी मला जवळ बसवून सांगितले होते, "बदामीचा शिक्षक तू निवड. घाई करू नकोस आणि टाळाटाळही करू नकोस." चौथी, माझ्या डाव्या खुब्यात आता धातूचा सांधा आहे, डॉक्टरांनी मला खोगिराकडे नुसते पाहण्याची परवानगी दिली आहे. पाचवी, आपला म्हातारा मोतद्दार, ज्याने आपल्या दोघींना काखेत धरून घोड्यावर बसवले, तो या महिन्याअखेरीस मुलाकडे राहायला जातो आहे. मी एरवी आठवड्याचे पाच दिवस महाविद्यालयाच्या गावी असते; हा एक महिना रजेवर आहे. तिथे विद्यार्थ्यांना जनावरांच्या हाडांची नावे शिकवावी लागतात आणि ती त्यांना शेवटपर्यंत येत नाहीत. सहावी, एक व्यापारी बदामीला पैदाशीसाठी न्यायला तयार आहे. त्याची गाडी पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला येईल. त्याच्याकडे ती सुखात राहील, पोटभर खाईल, शिंगरे देईल. पण तिच्या पाठीवर कधीच कोणी बसणार नाही.

निष्कर्ष असा, की महिना संपण्यापूर्वी बदामीला योग्य शिक्षक मिळाला पाहिजे, नाहीतर ती गाडीत चढेल आणि तबेल्याला कुलूप लागेल.

मी तुझा सल्ला मागत नाही. तूही याच तबेल्यात वाढलीस, म्हणून कळवणे माझे कर्तव्य होते. पत्ता मोतद्दाराने दिला. तो त्याच्याकडे कसा, असे मी विचारले तेव्हा त्याला खोकल्याची उबळ आली.

शोध सुरू केला आहे. बाबांची कसोटी तू विसरली नसशील: शिक्षकाचा नवा घोडा पाहू नये, सर्वांत जुना पाहावा. नवा घोडा भीतीपोटी शहाण्यासारखा वागतो. जुन्यासमोर खोगीर आणले की तो जे तोंड करतो, ते त्या माणसाचे खरे प्रमाणपत्र. "घोड्याला एक दिवस फसवता येतं," बाबा म्हणत, "पण दहा वर्षं कोण फसवणार? तेवढा वेळ असता तर माणसाने लग्नच टिकवलं असतं." आई आतून म्हणायची, "ऐकू येतंय."

त्या कसोटीनुसार पहिल्या उमेदवाराकडे गेले. सैन्यातून निवृत्त झालेला मेजर. गावात त्याचे मोठे नाव आहे आणि ते मुख्यतः तोच घेतो. त्याच्या बुटांत तोंड दिसत होते. त्याच्या घोड्यांच्या खुरांबद्दल तसे म्हणता आले नाही. मी म्हटले, तुमचा सर्वांत जुना घोडा पाहायचा आहे. तो म्हणाला, "तो काय बघायचा? तो तर म्हातारा झाला. तुम्ही नवे बघा, मॅडम, नवे." मी आग्रह धरला. म्हाताऱ्या घोड्यासमोर खोगीर येताच त्याने कान मागे पाडले, आणि पोटाखालचा तंग आवळू लागताच दाराची फळी दातांत धरली. ती फळी इतकी कुरतडलेली होती, की हे रोजचेच असावे.

"सवय आहे त्याची," मेजर म्हणाला.

"त्याची की तुमची?" मी विचारले, आणि परत आले.

तुझी थोरली बहीण


९ ऑक्टोबर

धाकटीस,

उत्तर आले नाही; अपेक्षाही नव्हती. माहिती पूर्ण असावी म्हणून पुढचे लिहिते.

दुसरा उमेदवार तरुण आहे. त्याच्याकडे तीन देशांतली प्रमाणपत्रे आहेत आणि ती चौकटीत बसवून त्याने खोगिराच्या खोलीत लावली आहेत. खोगिरे मात्र बाहेर उन्हात पडली होती. तो 'घोड्याशी संवाद' याविषयी अर्धा तास बोलला. तेवढ्या वेळात त्याचा घोडा दोनदा पाण्याकडे वळला आणि त्याला दोनदा मागे ओढले गेले. संवाद एकतर्फी होता, असे माझे मत झाले. कसोटी घेण्याचा प्रश्नच आला नाही, कारण सर्वांत जुना घोडा त्याने गेल्या वर्षी घेतला होता.

"त्याआधीचे कुठे गेले?" मी विचारले.

"पुढे गेले," तो म्हणाला. "मी कशात अडकून राहत नाही."

हे वाक्य तो गुण म्हणून सांगत होता.

परतीच्या वाटेवर मला आपले वाळूचे रिंगण आठवत राहिले. शनिवारची सकाळ, मधोमध लांब दोर धरून बाबा, आणि दोराच्या टोकाला आळीपाळीने आपण दोघी. रिकिबी काढून घेतलेल्या. दोन्ही गुडघे आणि खोगीर यांच्या मध्ये बाबा वर्तमानपत्राचा एकेक तुकडा ठेवायचे. घोडा दुडकत फिरायचा आणि कागद पडता कामा नये. माझे कागद कधी पडले नाहीत. एकदा मी उतरले तेव्हा त्यांतल्या एका तुकड्यावरची बातमी माझ्या मांडीवर उलटी उमटलेली होती आणि ती मी दिवसभर मिरवली. तुझे कागद मात्र पहिल्याच फेरीत वाऱ्यावर जायचे. बाबा ओरडायचे, "अगं, तुझे कागद गोळा करायला मला वेगळा माणूस ठेवावा लागेल." आणि तू हसत सुटायचीस, आणि घोडा मात्र तुझ्याखाली असा चालायचा की जणू त्याला कोणी पाठीवर बसले आहे याची आठवण करून द्यावी लागेल.

मी कुंपणावर बसून ते पाहायचे. माझ्याखाली तोच घोडा शिस्तीत चालायचा. तुझ्याखाली तो खुशीत चालायचा. या दोन गोष्टींतला फरक कोणत्या स्नायूत असतो, हे मी पुढे शरीररचनाशास्त्रात शोधले. पुस्तकात नाही.

तिथेच आणखी एक आठवले. बाबांनी तुला डावरेपणाबद्दल कधी टोकले नाही. शाळेत मास्तर टोकायचे आणि घरी मी. तुझ्या डाव्या हातातली पेन्सिल काढून मी उजव्यात द्यायचे आणि तू ती परत डावीकडे न्यायचीस. आपण दोघी गप्प राहून हा खेळ जेवायची हाक येईपर्यंत खेळत असू. तू घोड्याजवळही उजवीकडून जायचीस, मोरकीही उजवीकडून चढवायचीस. साऱ्या जगात घोड्याला डावीकडून हाताळतात, घोडे तसेच शिकलेले असतात, हे मी तुला किती वेळा समजावले असेल. बाबा म्हणायचे, "राहू दे गं. घोड्याला दोन बाजू असतात."

तिसऱ्या उमेदवाराचे नाव मिळाले आहे. कालव्यापलीकडे एक बाई स्वतःचा लहानसा तबेला चालवतात. उद्या जाते.

तुझी थोरली बहीण


१६ ऑक्टोबर

धाकटीस,

कालव्याकडच्या बाई उत्तम आहेत. मी हा शब्द सहसा वापरत नाही. माझे विद्यार्थी तुला सांगतील.

त्यांचा सर्वांत जुना घोडा एका डोळ्याने अधू आहे. खोगीर आणले तेव्हा तो पेंगत होता. त्याने चांगला डोळा उघडला, खोगीर आहे असे पाहून परत मिटला, आणि तंग आवळताना एक मोठा सुस्कारा सोडला. एवढेच. मी बाईंना तिथल्या तिथे सांगितले, "बदामीला तुमच्याकडे पाठवते."

त्या म्हणाल्या, "आधी तिला तर विचारा, ताई. मी परवा येते तुमच्याकडे."

त्या आल्या. मी नेहमीसारखी कुंपणाबाहेर उभी होते. शस्त्रक्रियेपासून मी बदामीला जवळून हाताळलेले नाही. आणि त्याआधीही, खरे तर, ती बाबांचीच घोडी होती. बाई आत गेल्या, शांतपणे, योग्य कोनातून, डाव्या खांद्याच्या रोखाने. त्यांच्या पावलांत मला एकही चूक दिसली नाही. बदामीने मागचा भाग फिरवला. बाई वळसा घालून परत डावीकडून गेल्या. बदामी परत फिरली. लाथ मारली नाही, चावली नाही; फक्त दरवेळी तो डावा खांदा त्यांच्यापासून काढून घेतला, जसे कोणी न बोलता खुर्ची फिरवून बसावे. बाईंनी भरपूर वेळ दिला. शेवटी त्यांनी सोबत आणलेली मोरकी अर्धी चढली आणि बदामीने मान झटकली. बाईंचे बोट दोरात सापडले. ते मोडले आहे. हात पट्टीत आहे आणि दोन महिने कोणतेही काम नको, असे त्यांना सांगितले आहे.

मोतद्दाराने त्यांना पाणी आणून दिले. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी त्याला म्हटले, "तुम्ही कशाला एवढे घाबरता? दोष घोडीचा आहे." तो जाऊन बदामीला घेऊन आला आणि मी बाईंच्या हाताकडे पाहत असल्यामुळे त्याच्याकडे पाहिले नाही.

निघताना बाई म्हणाल्या, "घोडी वाईट नाही हो. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. दाराकडे बघत होती."

"दारात कोण होते?"

"कोणीच नाही. तेच तर."

मी बदामीविषयी माझे मत बनवले आहे. बाबा शेवटी थकले होते. त्यांच्या हातून शिस्त राहिली नसावी. तिची आयाळसुद्धा डावीकडे पडते. आपल्या तबेल्यातल्या प्रत्येक घोड्याची आयाळ विंचरून विंचरून उजवीकडे पाडलेली असे. ते बाबांच्या नीटनेटकेपणाचे लक्षण होते. ही एकच अशी. जे जनावर चार वर्षांत मोरकी घालून घ्यायलाही शिकले नाही, त्याला शिकवायला आता कोणी तयार होईल असे दिसत नाही.

व्यापाऱ्याला कळवावे लागेल.

एक गोष्ट स्पष्ट करते, कारण तू कदाचित असा समज करून घेशील की ही पत्रे लिहिण्यामागे दुसरा काही हेतू आहे. अकरा वर्षांपूर्वी मी परीक्षक असलेल्या स्पर्धेत तू उतरलीस, सलामी डाव्या हाताने दिलीस, नियमपुस्तकात ती उजव्या हाताने द्यावी असे छापलेले होते, मी गुण कापले, तू दुसरी आलीस, आणि त्याच आठवड्यात तुझा घोडा घेऊन तू घर सोडलेस. ते गुण बरोबर होते. त्यावर चर्चा करायची असल्यास स्वतंत्र पत्र लिही. या विषयात तो विषय मिसळू नकोस.

तुझी थोरली बहीण


१८ ऑक्टोबर

धाकटे,

आता मी रागात लिहिते आहे, आणि हे पत्र पुन्हा वाचून सुधारणार नाही. त्यामुळे यात तुला चुका आढळल्या तर तो पुरावा समज.

काल संध्याकाळी मी बदामीकडे गेले. व्यापाऱ्याला लिहायचे पत्र टेबलावर होते, तिला एकदा जवळून पाहावे असे वाटले. ती तबेल्याच्या भिंतीला डावी कूस लावून उभी होती. मला काठी टेकत जायचे होते, फार फिरायचे नव्हते; उरली फक्त उजवी बाजू. मी तिकडून गेले. माझ्या उभ्या आयुष्यात मी घोड्याजवळ उजवीकडून गेले नव्हते.

तिने मान खाली घातली. मी काही केले नव्हते. तिने मान खाली घातली आणि माझ्या कोपराच्या वाकात नाक खुपसले, आणि तशीच उभी राहिली, मोरकीची वाट पाहत. मी खुंटीवरची मोरकी काढली. ती उलटी टांगली आहे असे मला महिनोन्‌महिने वाटत होते आणि दरवेळी मी मनात मोतद्दाराच्या नावाने बोटे मोडत होते. ती उलटी नव्हती. तिचे बक्कल उजव्या गालावर येईल असे काढून, नव्याने शिवून घेतले होते. टाका जाड दोऱ्याचा, मेण लावलेला, हाताने घातलेला. डाव्या हाताने. त्या टाक्यांचा तिरकेपणा मी तुझ्या शाळेच्या दप्तरावर पाहिलेला आहे.

मोतद्दाराला बोलावले.

"ही घोडी उजव्या बाजूने शिकली आहे."

"हो."

"तुम्हांला ठाऊक होते."

"मी रोज तसाच नेतो तिला, ताई. तुम्ही बघत नसताना."

"धाकटी इथे येत होती?"

"बुधवारी. साहेबांच्या हाताला कंप सुटला, तेव्हापासून तीन वर्षं. तुम्ही कॉलेजात असायच्या."

"आणि मला कोणी सांगितले नाही."

"साहेब म्हणाले होते, थोरलीला कळू द्यायचं नाही, तिला वाईट वाटेल. आता साहेब असते तर विचारलं असतं त्यांना की सांगू का. ते तर गेले. मग मी कोणाला विचारणार?"

"मला विचारायचे."

"तुम्हांला काय विचारणार? तुम्ही सांगता. विचारून घेत नाही कधी." हे तो अगदी सौम्यपणे म्हणाला, चारा किती टाकला हे सांगावे तसे. मग म्हणाला, "मला वाटलं, येतील ते सगळे हरले, की तुम्ही धाकटीला बोलवाल. मेजर गेला तेव्हा मी नारळच फोडणार होतो. त्या बाईंच्या बोटाचं मात्र फार वाईट झालं. ते माझ्या हिशेबात नव्हतं."

मी बाईंना सारे कळवले आहे. त्यांनी एका ओळीचे उत्तर दिले: "तरीच."

तर, तीन वर्षे. दर बुधवारी. मी ज्या टेबलाशी बसून विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासायचे, त्याच टेबलाशी तू आणि बाबा चहा घेत असणार. शनिवारी मी घरी आले की बाबा म्हणायचे, "बदामी यंदा जरा शहाणी झाली हं," आणि मी म्हणायचे, "तुम्ही कशाला एवढे कष्ट घेता?" आणि ते खिडकीबाहेर बघायचे. मी समजले ते थकले आहेत. ते हसू दाबत होते. आता त्यांचा चेहरा आठवून पाहते तेव्हा ते स्पष्ट दिसते, आणि मला त्यांच्याशी भांडायचे आहे, आणि ते नाहीत.

बाबा गेले त्या दिवशी तू आलीस, फाटकाशी उभी राहिलीस, माझ्याशी हवेविषयी दोन वाक्ये बोललीस आणि निघालीस. त्या वेळी आतून बदामी खिंकाळत होती. एवढी, की कोणीतरी म्हणाले, "मुक्या जनावरालाही कळतं बघा, मालक गेला." मी मान डोलावली होती.

ती तुला हाक मारत होती, आणि तू तशीच निघून गेलीस. मी असल्यामुळे.

मला याचा अतिशय राग आला आहे. कोणाचा, ते अजून ठरलेले नाही.

थोरली


२४ ऑक्टोबर

धाकटे,

राग उतरल्यावर मी काय केले ते क्रमाने लिहिते.

मी बाबांच्या सूचनेचा नव्याने विचार केला. "बदामीचा शिक्षक तू निवड." तू तिला तीन वर्षे शिकवत होतीस हे त्यांना ठाऊक होते. तरी "धाकटीला बोलाव" असे ते म्हणाले नाहीत. "निवड" म्हणाले. आधी मला यात त्यांचा कावा दिसला. मग लक्षात आले, की त्यांनी तुला माझ्यावर लादले असते, तर मी ऐकले असते आणि तुला रोज ऐकवले असते. निवड माझीच व्हायला हवी होती. आणि निवड करायची तर कसोटी सर्वांना एकच हवी. बहीण म्हणून सूट नाही. तशी ती मी तुला यापूर्वीही दिलेली नाही.

म्हणून मी परवा बसने तुझ्या तबेल्यावर आले.

तुला कळवले नव्हते. मेजरलाही कळवले नव्हते. तू रिंगणात होतीस, कुंपणाकडे पाठ करून, हातात लांब दोर, आणि दोराच्या टोकाला घोड्यावर एक घाबरलेला माणूस, ज्याला तू ओरडून सांगत होतीस, "श्वास घ्या हो, श्वास फुकट आहे." आवाज हुबेहूब बाबांचा आहे. हे तुला कोणी सांगितले आहे का, ठाऊक नाही.

झाडाखाली तुझा सर्वांत जुना घोडा बांधलेला होता. वकील. आपल्याच तबेल्यात जन्मला आणि पहिल्या दिवसापासून प्रत्येक गोष्टीवर हरकत घेऊ लागला, म्हणून आईने ठेवलेले नाव. त्याची पाठ आता खाली बसली आहे. डोळ्यांवरचे खळगे खोल गेले आहेत. तुझी एक विद्यार्थिनी, चष्मा लावणाऱ्या, चाळिशीच्या बाई, त्याच्यावर खोगीर चढवायला आल्या.

"कोणाला भेटायचंय?" त्यांनी विचारले.

"घोड्याला."

"हा विकायचा नाही हो. म्हातारा आहे. मला बसवतात याच्यावर, कारण दोघांनाही घाई नसते."

"विकत घ्यायला आले नाही. पाहायला आले."

"डॉक्टर आहात का जनावरांच्या?"

"आहे. पण त्यासाठी आले नाही. तुम्ही तुमचे चालू ठेवा."

"मॅडमना बोलावू?"

"नको. शिकवताना मध्ये बोलावलेले त्यांना चालत नाही."

"ते बाकी खरं. तुम्हांला कसं ठाऊक?"

"मलाही चालत नाही."

त्यांनी खोगीर आणले. वकिलाने कान पुढे केले. खोगीर पाठीवर आले तेव्हा त्याने वास घेतला, ते आपलेच आहे याची खात्री केली, आणि खालचा ओठ लोंबू दिला. तंग आवळताना तो त्या बाईंच्या चष्म्याकडे पाहत होता. लगाम मात्र पहिल्या वेळी त्याने नाकारला, नाक वर करून, दात घट्ट मिटून. दुसऱ्या वेळी आपणहून तोंड उघडले. हरकत नोंदवली आणि मागे घेतली. इतक्या वर्षांत त्याची वकिली गेलेली नाही, म्हणजे ती कोणी मोडून काढलेली नाही.

मग त्या बाई घोड्यावर चढल्या. डावीकडून. मी नीट पाहिले. लगाम डाव्या हातात घेतला आणि रिंगणात शिरताना तुला उजव्या हाताने सलामी दिली. तू त्यांना नियमाप्रमाणे शिकवले आहेस. जो नियम तुझ्या अंगाला कधी बसला नाही, तो तू दुसऱ्यांना अचूक शिकवतेस, कारण पुढे त्यांना माझ्यासारख्या कोणासमोर उभे राहावे लागेल. मी तिथे फार वेळ थांबले नाही. बस होती, आणि शिवाय तू वळली असतीस.

परीक्षकाने गुणांबरोबर शेरा लिहावा असा नियम आहे आणि मी तो आजवर पाळला. वकिलाला पाहून मला शेरा सुचला नाही.

निवड झाली आहे. आता अटी.

तू इथे राहायला यावेस. वकिलालाही आणावेस; तबेल्यातली त्याची जुनी जागा झाडून घेतली आहे. तुझे विद्यार्थी इथे येऊ शकतील. रिंगण त्यांना पुरेल. मी शनिवारी आणि रविवारी येईन, आगाऊ कळवून. रिंगणाबाहेर उभी राहीन. काही बोलणार नाही असे वचन देता येत नाही, कारण ते पाळले जाणार नाही, कमी बोलेन. फाटकाजवळचा चढायचा ओटा भिंतीला असा लागून होता, की घोड्याची फक्त डावी बाजूच त्याला लागायची. तो काल गवंड्याकडून काढून मोकळ्या जागेत बांधून घेतला. गवंड्याने विचारले, "बरा होता की, कशाला हलवता?" मी म्हटले, "घोड्याला दोन बाजू असतात." त्याने माझ्याकडे जरा काळजीने पाहिले.

बदामीच्या पाठीवर पहिल्यांदा कोणी बसेल तेव्हा तिच्या तोंडाशी एक माणूस लागतो, दोर धरून, तिच्याशी बोलत राहणारा. आपल्याकडे तू वर असायचीस आणि मी तोंडाशी, कारण तू हलकी होतीस आणि माझा आवाज घोड्यांना खरा वाटायचा. वर बसणे मला आता शक्य नाही. तोंडाशी उभे राहणे शक्य आहे. उजव्या बाजूने उभी राहीन. सराव सुरू केला आहे. रोज संध्याकाळी तिला मोरकी घालते आणि काढते, आणि मोतद्दार मला चुका सांगतो, मोठ्या समाधानाने.

व्यापाऱ्याला लिहिलेले नकाराचे पत्र टेबलावर आहे, सही केलेले, तिकीट लावलेले. तू येणार असशील तर ते टपालात पडेल. येणार नसशील तर मी ते फाडेन, पहिल्या तारखेला फाटक उघडीन आणि बदामीला स्वतः गाडीपर्यंत नेईन, तिच्या उजवीकडून चालत. तिसरा मार्ग मी शोधला, नाही.

तुझे उत्तर महिनाअखेरीपूर्वी मला मिळाले पाहिजे. मोतद्दारामार्फत निरोप पाठवू नकोस. त्याला पुन्हा खोकला येईल. फोन करू नकोस. फोनवर आपण हवेविषयी बोलू आणि ठेवून देऊ. कागदावर लिही, स्वतःच्या हाताने, ज्या हाताने लिहितेस त्याच हाताने. येते किंवा येत नाही, यांपैकी एक. सविस्तर कारणे दिलीस तर वाचीन, पण ती आवश्यक नाहीत. उत्तर लेखी हवे.

ताई